राधानगरी, काळम्मावाडी, तुळशी की आंबा? तळ्याकाठी तंबू नेमका कुठं टाकावा?

पंचगंगाकाठ

नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात दोन रात्री तंबूत काढायच्या असं घरात ठरलंय. आम्ही सहाजण: मी, बायको, बहीण, दोन पोरं (९ आणि १२ वर्षं) आणि आई. आईचं वय ६८, गुडघे दुखतात, पण "मलाबी तंबूत झोपायचं हाय" म्हणून बसलीय आणि तिचं मन मला मोडायचं नाही.

दोन तंबू घरचे आहेत, गाडी घरची आहे. हवं ते एवढंच: समोर पाणी दिसावं, मागं झाडी असावी, पोरांना मोकळं हुंदडता यावं, रात्री शांतता असावी. गेल्या वर्षी एका खाजगी कॅम्पवर गेलो होतो. ओळीनं लावलेले तंबू, दोरीला दोरी लागलेली, मध्यरात्र उलटून गेली तरी स्पीकर चालू. पोरांना तळं काही दिसलं नाही, दिसली ती दिव्यांची माळ. तसं पुन्हा नको.

डोक्यात चार जागा आहेत. राधानगरीचं लक्ष्मी तलाव, काळम्मावाडीचं बॅकवॉटर, आंब्याजवळचं मानोली आणि पाटगाव. ज्यांनी स्वतः मुक्काम केलाय त्यांनी सांगा, कुठं जाऊ?

डोंगरवाट

दादा, आधी लक्ष्मी तलावाचं नाव खोडा. राधानगरी अभयारण्य हे ३५१ चौरस किलोमीटरचं आहे आणि हे तळं त्याच्या पोटातच आहे. १९५८ साली दाजीपूरचं गवा अभयारण्य म्हणून सुरुवात झाली, १९८५ ला हद्द वाढून राधानगरी अभयारण्य झालं, २०१२ ला पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेलं. आत जायला परवानगी लागते आणि आपला तंबू आपल्या मनानं आत टाकता येत नाही. फोटो बघून जागा ठरवणारे बरेचजण इथंच फसतात. फोटोत पाणी आणि झाडी दिसते, हद्द दिसत नाही.

जंगल आतून बघायचंच असेल तर दाजीपूरला वनखात्याची राहायची सोय आहे, ती आधी ठरवून घ्या आणि सकाळी परवानगीच्या गाडीनं सावराई सड्यापर्यंत (सडा म्हणजे डोंगरावरचं खडकाळ पठार) जाऊन या. आईंना पलंग मिळेल. पण मग ते तंबूत राहणं नव्हे.

आंबा-मानोली मला स्वतःला फार आवडतं. कोल्हापूरपासून ६५ किलोमीटरच्या आसपास, विशाळगडाच्या वाटेवर, पलीकडं पावनखिंड. झाडी दाट आहे. पण तिथला बराच भाग आता विशाळगड संवर्धन राखीवात, म्हणजे वन्यजीवांसाठी राखलेल्या जंगलात येतो, आणि डिसेंबरच्या सुट्टीत त्या रस्त्यावर गाड्याच गाड्या असतात. शांतता हवी असेल तर नाताळ ते नवं वर्ष हा आठवडा सोडून जा.

रात्रीचा_प्रवासी

एवढं काय घाबरायचं? आम्ही चौघं मित्र काळम्मावाडीला पार पाण्याला लागून तंबू टाकून राहिलोय. कुणाला विचारलं नाही, काही झालं नाही. सकाळी उठलं की पायाखाली पाणी. तसलं सुख दुसरीकडं नाही. फार विचार केला तर घरातच बसायला लागंल.

कालवा_निरीक्षक

वरच्या प्रतिसादाला उत्तर द्यायलाच हवं, कारण धागा विचारणाऱ्याबरोबर नऊ वर्षांचं पोर आहे. माझी नोकरी धरणं-कालव्यांवर गेली.

आपली ही सगळी 'तळी' म्हणजे धरणाचे जलाशय आहेत. कोल्हापुरातल्या रंकाळा तलावासारखा बांधलेला, ठरलेला काठ त्यांना नाही. पावसाळा संपताना भरलेलं पाणी मे अखेरपर्यंत उतरत जातं. दूधगंगा म्हणजे काळम्मावाडी सुमारे २५ टीएमसी (अब्ज घनफूट), राधानगरी ८ च्या वर, तुळशी साडेतीनच्या आसपास. पाणी उतरलं की उघडी पडते ती पट्टी गाळाची असते. वरून उन्हानं तडकलेली, कडक वाटते, खाली लोण्यासारखी मऊ. मोठ्या माणसाचाही पाय घोट्यापर्यंत जातो. आणि पाण्यात दोन पावलांवर जुन्या ओढ्याचं पात्र असू शकतं, बुडालेल्या शेताचा बांध असू शकतो, झाडाचा खुंट असू शकतो. वरून काही कळत नाही. पोहायचं नाव काढू नका, पोहता येणाऱ्यांनीसुद्धा.

जागा बघताना आधी पाण्याची वरची रेघ शोधा. भरल्या तळ्याचं पाणी जिथवर आलं होतं तिथं वाळक्या काड्या, प्लास्टिक, ओंडके एका ओळीत पडलेले असतात आणि त्याच्या वर झुडपं सुरू होतात. तंबू त्या रेघेच्या वर. काठी रोवून बघा, सहज आत गेली तर ती जागा सोडा.

आणि धरणाच्या खालच्या अंगाला, नदीच्या पात्रात किंवा पात्रालगत, कधीही मुक्काम नको. राधानगरीला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. तळं भरलं की पाण्याच्या दाबानं ते आपोआप उघडतात, एका दरवाजातून १४२८ क्युसेक (सेकंदाला तेवढे घनफूट) पाणी सुटतं. ते पावसाळ्यातलं झालं. पण हिवाळ्यातही वीजगृहातून पाणी सोडतात, शेतीचं आवर्तन (पाळीनं सोडायचं पाणी) असतं, खाली कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घातलेले असतात. दुपारी घोटाभर असलेलं पात्र संध्याकाळी कमरेएवढं होऊ शकतं. भोगावती काय, दूधगंगा काय, वेदगंगा काय, हे सगळीकडं सारखंच.

शेकरू

काकांनी पाण्याचं सांगितलं, मी जनावरांचं सांगते. मी पक्षी बघायला या भागात दहा-बारा वर्षं हिंडतेय.

पाण्याला लागून तंबू म्हणजे गव्याच्या वाटेवर तंबू. दिवसभर गवे झाडीत असतात, ऊन कलल्यावर पाण्यावर आणि मोकळ्या गवतावर उतरतात. त्यांच्या वाटा ठरलेल्या असतात. मोठा नर हजार किलोच्या घरात जातो. तो मुद्दाम अंगावर येत नाही, पण अंधारात वाटेत दोऱ्या, कापड आणि टॉर्च आडवं आलं तर बुजतो, आणि बुजलेला गवा कुठं पळेल सांगता येत नाही. एकटा नर दिसला तर जास्तच अंतर ठेवायचं.

वाट ओळखणं अवघड नाही. म्हशीपेक्षा मोठे, दोन फाकांचे खूर, शेणाचे पो, झाडाच्या बुंध्यावर अंग घासल्याच्या खुणा. असलं काही दिसलं की तिथून बाजूला सरका, निदान दीडदोनशे पावलं. ओढ्याचं तोंड जिथं तळ्याला मिळतं ती जागा सगळ्यांना देखणी वाटते आणि जनावरंही तिथूनच येतात. तशा जागी दिवसा बसा, चहा प्या, मुक्काम दुसरीकडं.

अस्वल आणि रानडुक्कर खरकट्याच्या वासावर येतात. भांडी रात्रीच घासून, उरलंसुरलं डब्यात बंद करून गाडीत. तंबूत बिस्किटसुद्धा नको. उसाला लागून तर अजिबात नको, त्यात डुकरं दडतात आणि गवे उसातही शिरतात. आजरा-चंदगडकडं जाणार असाल तर तिथं हत्तीही आहेत, ते वेगळंच.

तंबू टाकण्याआधी मान वर करून झाड बघा. वाळलेली फांदी आहे का, आणि आग्या मोहोळ आहे का. मोहोळाखाली धूर झाला तर पळायला जागा पुरत नाही.

रात्रीचा_प्रवासी

शेकरू ताई, खुरांचं माझ्या ध्यानात नव्हतं. सकाळी आमच्या तंबूजवळ मोठे खूर दिसले होते, आम्ही म्हशी समजलो. विचारून राहायला हवं होतं, हे मान्य.

धामोडचा

माझं गाव तुळशीच्या काठाला. पाव्हणं, तुमच्या यादीत आमचं तुळशी धरणच न्हाई. सगळी म्होरं राधानगरीला पळत्यात. कोल्हापुरास्नं जवळ पडतंय, आईस्नी रात्री बरं वाटंना झालं तरी घराकडं फिरता येतंय. काळम्मावाडीएवढं पाणी न्हाई दिसायचं, पर डोंगर, झाडी, पाणी समदं एका नजरंत हाय.

आता मुद्द्याचं. आमच्याकडं कुठल्याबी काठाला जावा, जमीन कुणाची तरी हाय. धरणाची, न्हाईतर वनखात्याची, न्हाईतर मालकीची. मालकीच्या जमिनीत शेतकऱ्याला इचारून ऱ्हावा. दिवसाउजेडी गावात या, देवळाजवळ चार माणसं बसल्याली असत्यात, त्यास्नी सांगा, "बायकापोरं हाईत, दोन रात्री ऱ्हायाचं हाय." कोण न्हाई म्हणत न्हाई. न इचारता रात्री बॅटऱ्या दिसल्या की आमाला चोर वाटतंय, मग कुत्री सोडत्यात, माणसं काठ्या घिऊन येत्यात, तुमची पोरं भेत्यात. ते कशापायी?

आनि भाताच्या खाचरात तंबू टाकू नका. सपाट दिसतंय म्हणून शहरातली माणसं तिथंच टाकत्यात. भात कापल्यावर खाचरात उंदीर हुत्यात, उंदरामागनं साप येतोय. पिंजराच्या गंजीजवळ न्हाई, दगडी बांधाजवळ बी न्हाई, तिथं इच्चू. वरकस माळ बघा, जरा चढाचा, खडकाळ, गवत कमी. पाठीला टोचंल, पर झोप बिनघोर लागंल.

पांढरा_अ‍ॅप्रन

मी सरकारी दवाखान्यात परिचारिका आहे. या भागातले सर्पदंशाचे रुग्ण पाहिलेत, म्हणून थोडं.

साप चावला तर कापू नका, चोखू नका, घट्ट आवळू नका, मांत्रिकाकडं नेऊ नका. माणसाला चालवू नका, हात किंवा पाय हलणार नाही असा आधार द्या, अंगठी-बांगडी काढा, थेट दवाखाना. १०८ ला फोन करा, पण रेंज नसेल तर वाट बघत न बसता गाडी काढा. आपली प्रतिसर्पविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालते. झाडीत हिरवा-तपकिरी चापडाही असतो, त्यावर ती लस नाही, तरीही दवाखान्यातच जायचं, उपचार तिथंच होतात. म्हणून मुक्काम ठरवताना मी तरी एकच बघते: तंबूपासून गाडीपर्यंत आणि गाडीपासून डांबरी रस्त्यापर्यंत अंधारात किती वेळ लागतो. तुमच्याबरोबर ६८ वर्षांच्या आई आहेत, गाडी तंबूजवळ पोचणार नसेल ती जागा घेऊ नका.

मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, कित्येकदा चावल्याचं कळतही नाही. तंबूची चेन पूर्ण बंद ठेवली की हा धोका बराच कमी होतो. रात्री बाहेर पडताना बूट झटकून घाला, टॉर्च पायाशी धरा.

जळवा डिसेंबरात जवळपास नसतात, तो त्रास पावसाळ्यातला. कोरड्या गवतात गोचीड मात्र असते. दोडामार्गकडं माकडतापाचे रुग्ण आढळलेत, तो गोचिडीतून पसरतो. पूर्ण बाह्यांचे कपडे, पायमोज्यात खोचलेली पँट, संध्याकाळी पोरांच्या काखा, मान, कानामागं बघून घ्यायचं. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जायचं नाही, गावात कळवायचं.

माळावरची_चूल

सगळं वाचलं. बाईमाणसाच्या सोयीचं अजून कुणी लिहिलं नाही, म्हणून मी लिहिते. दादा, तुमच्याबरोबर तीन बायका आहेत. "जंगलात काय, कुठंही जाता येतं" असं पुरुष म्हणतात. आम्ही मग दुपारपासून पाणी प्यायचं बंद करतो आणि रात्रभर जागतो. शेतकऱ्याच्या घराजवळचा माळ मिळाला तर त्यांचं शौचालय वापरायला देतात, तेवढ्यासाठी तळ्याचा देखावा थोडा कमी झाला तरी चालेल. तसं नसेल तर एक छोटा उभा तंबू मिळतो, तो न्या, फावडं न्या, खड्डा पाण्यापासून शंभर पावलं तरी लांब आणि नंतर मातीनं बुजवायचा.

काळम्मावाडीला जाणाऱ्यांनी तर हे मनावर घ्याच. २०२३ च्या दिवाळीपासून थेट पाईपलाईननं तिथलं पाणी कोल्हापूरला येतंय. काठावर साबण लावून भांडी घासली की तो साबण आपण आपल्याच हंड्यात टाकतो.

चूल पेटवायचा मोह होतो, खर्डा-भाकरीला चुलीची चव लागते हे माझ्या नावावरूनच कळेल. तरी डिसेंबरात सड्यावरचं गवत वाळलेलं असतं, एक ठिणगी आणि अख्खा डोंगर. वणव्यात पहिल्यांदा जमिनीवर घरटी करणारी पाखरं जातात. शेतकऱ्याच्या अंगणातल्या चुलीवर करा, नाहीतर गॅसची छोटी शेगडी.

आईंसाठी एक सांगते. जमिनीवर झोपणं जमतं, उठणं जमत नाही. तंबूच्या दारात प्लास्टिकची खुर्ची ठेवा. तिला धरून उठता येतं. खाली घरातली कापसाची गादी घाला, मॅटनं भागत नाही, गारठा खालून येतो.

पंचगंगाकाठ

काय बोलू, एवढं कुणी समजावून सांगेल असं वाटलं नव्हतं. लक्ष्मी तलाव खोडलं. आंबा नंतर कधीतरी, गर्दी नसताना. आता काळम्मावाडी, पाटगाव आणि तुळशी उरलं. पाटगावचं कुणी गेलंय का?

डोंगरवाट

पाटगाव सुंदर आहे. वेदगंगेवरचा मौनीसागर जलाशय, मौनी महाराजांचा मठ, वर रांगणा किल्ला. महाबळेश्वरजवळच्या मांघरनंतर मधाचं गाव म्हणून पाटगावचं नाव झालं. सातेरी मधमाश्यांच्या पेट्या बघायला मिळतील, पोरं खूश होतील. पण कोल्हापूरहून ८० किलोमीटरच्या पुढं, गारगोटी सोडल्यावर दवाखाना लांब पडत जातो. पहिल्यांदाच तंबूत झोपणारी आई आणि नऊ वर्षांचं पोर, तर मी तुळशी घेईन. पाटगावला एक दिवस मध आणायला जा.

कुठंही गेलात तरी उजेडात पोचा. ऊसतोडीचा हंगाम चालू असतो, हळदी-परिते या गावांच्या रस्त्याला उसाच्या ट्रॉल्या असतात, मागं दिवा नसतो.

थंडीचं: गार हवा रात्री उतारानं खाली येते आणि खोलगट जागी साचते. घळीच्या तोंडाला आणि खोलगटात तंबू नको, उंचवट्यावर टाका, पूर्वेला उघडी जागा बघा म्हणजे सकाळचं ऊन लवकर लागून कापड वाळतं.

पंचगंगाकाठ (जानेवारीचा पहिला आठवडा)

जाऊन आलो. तुळशीलाच गेलो. गर्दीच्या भीतीनं दोन दिवस अलीकडं, २२ आणि २३ डिसेंबरला.

धामोडच्या दादांनी सांगितलं तसं दुपारी बाराला गावात पोचलो, देवळापाशी थांबलो. एका आजोबांनी आईकडं बघितलं आणि स्वतःच उठून आमच्याबरोबर आले. आम्हाला पाण्याजवळची एक जागा फार आवडली होती. हिरवळ, ओढ्याचं तोंड, समोर डोंगर. आजोबा काही बोलले नाहीत, खाली वाकून बोटानं दाखवलं. खूर. शेकरू ताईंनी लिहिलेले, तसेच. मग त्यांच्या पुतण्याच्या वरकस माळावर गेलो, घरापासून हाकेच्या अंतरावर. तिथून पाणी दिसतं, पण जरा लांब. बायकोला आधी वाईट वाटलं.

एक चूक केली. पहिल्या दिवशी वाऱ्याला आडोसा म्हणून तंबू दगडी बांधाच्या जवळ टाकला, तोही सखल बाजूला. विंचवाचं वाचूनही. पहाटे दोन्ही तंबू दवानं आतूनबाहेरून ओले, पोरांची पांघरुणं दमट, आणि बूट झटकताना एक विंचू पडला. दुसऱ्या दिवशी पंचवीस-तीस पावलं वर सरकलो. रात्र कोरडी गेली.

त्याच दुसऱ्या रात्री नऊच्या सुमाराला खाली ओढ्याच्या तोंडाशी फांद्या मोडल्याचा आवाज आला. कुणी टॉर्च लावला नाही. चांदण्यात काळे आकार पाण्याकडं जाताना दिसले, पोरांनी सात मोजले, आई म्हणते नऊ. आम्ही तंबूच्या दारात चूपचाप बसून राहिलो. अर्ध्या तासानं ते आले तसे गेले. सकाळी आजोबांबरोबर खाली जाऊन बघितलं, आम्हाला आवडलेल्या त्या हिरवळीवरनंच गेले होते.

चुलीवरच्या ताई, खुर्चीनं फार काम केलं. आई चारही वेळा एकटी उठली. गादी मात्र गाडीत मावेना म्हणून दोन गोधड्या नेल्या, त्या पुरल्या नाहीत, पुतण्याच्या बायकोनं घोंगडं आणून दिलं. पैसे घेत नव्हत्या. पोरांसाठी म्हणून आईनं बळंच हातात ठेवले. कचरा सगळा पिशवीत भरून घरी आणला, आमचा आणि काठावर आधीच पडलेला थोडा.

धामोडचा

वाचून बरं वाटलं. पुढच्या बारीला मेच्या शेवटाला या, वळीव पडल्यावर. आमच्या झाडीत काजवं पेटत्यात, आख्खं झाड एकदम उजळतंय आनि एकदम इझतंय. तवा दव नसतंय, पर पावसाचा नेम न्हाई. तंबूच्या भवतीनं चर काढायला फावडं आना.

पंचगंगाकाठ

आईला वाचून दाखवलं. ती विचारतेय, मेमध्ये तो माळ मोकळा असतो का, का नाचणीसाठी नांगरून ठेवतात?

धामोडचा

मेच्या शेवटाला नांगरत्यात. पर वरच्या अंगाला आंब्याखाली एक तुकडा पडीक हाय, त्यो मोकळाच असतोय. फांद्या बघून सांगतो.